दीड हजार भरायचे की नाही?

प्रश्न: मी दारव्ह्याकडचा, लग्नाच्या शूटिंगवर घर चालते. पैसे जमवून जमवून २४ मिनिटांची वऱ्हाडी शॉर्टफिल्म केली, कापूस वेचणाऱ्या बायांची गोष्ट आहे, कलाकार गावातलेच. विदर्भातल्याच एका फेस्टिव्हलची फी दीड हजार आहे. दोस्त म्हणून राहिले भरून टाक, सर्टिफिकेट तर भेटन. भरू का, की सरळ यूट्यूबवर टाकू?

उत्तर: भाऊ, यूट्यूब सध्या राहू द्या, ते कधीपण टाकता येते, पण एकदा पब्लिक केली की बरेच फेस्टिव्हल घेत नाहीत. प्रीमियरची अट, म्हणजे फिल्म आधी कुठं दाखवलेली नको, ही मोठ्या लांबीच्या पिक्चरला जास्त असते, शॉर्टफिल्मला कमी, तरी नियम वाचूनच घ्या.

आता फी. सर्टिफिकेटसाठी भरत असाल तर नका भरू. फिल्मफ्रीवेवर, म्हणजे फेस्टिव्हलला फिल्म पाठवायच्या वेबसाइटवर, दर महिन्याला अवॉर्ड वाटणारे ढीगभर आहेत, पिक्चर कोणत्याच हॉलमध्ये लागत नाही, मेलवर लॉरेल (पोस्टरवर लावायचं पानांचं चिन्ह) येतं आणि ट्रॉफी पाहिजे तर तिचे वेगळे पैसे. म्हणून आयोजकाला मागच्या वर्षीचं शेड्यूल मागा, कोणत्या हॉलमध्ये कोणत्या दिवशी किती वाजता कोणती फिल्म लागली असं सगळं त्यात पाहिजे, आणि ज्यांच्या फिल्म लागल्या त्यातल्या दोघातिघांना फोन करा की बाप्पा, समोर बसले होते तरी किती आणि नंतर कोणी दोन शब्द बोललं का. अनोळखी पन्नास माणसं तुमच्यासमोर पूर्ण २४ मिनिटं बसत असतील तर दीड हजार वसूल, अवॉर्ड नाही भेटला तरी. शेड्यूल द्यायला टाळाटाळ केली की समजून जा.

मला विचाराल तर जवळचा फेस्टिव्हल तुमच्यासारख्याला बरा, कारण तुमच्या फिल्ममधल्या बाया एसटीनं येऊ शकतात. गोव्याच्या इफ्फीला, त्या आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हलला, कोण जाते, त्यातही तो नोव्हेंबरात, म्हणजे इकडे वेचणी आणि तुळशीचं लग्न झालं की तुमच्या ऑर्डरी सुरू! एक लग्न सोडलं तर फीच्या कितीतरी पट जाते, तो खर्चपण धरा. पुण्याचा पिफ फेस्टिव्हल मुख्यतः मोठ्या लांबीच्या पिक्चरचा. मुंबईचा मिफ फेस्टिव्हल मात्र डोक्यात ठेवा, १९९० पासून दर दोन वर्षांनी होते आणि आहेच मुळी डॉक्युमेंटरी, शॉर्टफिल्म, अॅनिमेशनसाठी. इंग्रजी सबटायटल आतापासूनच करा, वऱ्हाडी मुंबईच्या ज्युरीला सोडा, कधीकधी पुणेकरांनाही समजत नाही.

सेन्सॉरचं टेन्शन नको, नीट चालणारे फेस्टिव्हल केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात, पण ती घेतली का हे विचाराच. नॅशनल अवॉर्डला पाठवायचं असलं तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागतेच.

टेक्निकल भाग तुम्हाला शिकवायला नको, एवढंच की थेटरात लागणार असेल तर डीसीपी, म्हणजे थेटरच्या प्रोजेक्टरची फाइल, मागतील, ती डीसीपी-ओ-मॅटिक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर घरीच होते. लग्नाच्या सवयीनं सेकंदाला २५ फ्रेमवर शूट केलं असेल तर चालते का ते आधी विचारा, बरेच जण २४ च मागतात. आणि लग्नाच्या व्हिडिओत टाकतो तसं एखादं सिनेमातलं गाणं मागे वाजत असेल तर फॉर्म भरायच्या आधी काढा, त्याचे हक्क आपल्याकडे नसतात, तुमच्या त्या बाया वेचताना काही म्हणत असतील तर तेच रेकॉर्ड करून टाका ना, त्यांना विचारून.