काचेवर ५ नॅनोमीटर सोनं चढवलं तर मल्टिमीटर काहीच का दाखवत नाही? २० नॅनोमीटरला तर दाखवतो!

कारण ५ नॅनोमीटरला तिथे थर नसतोच, सुटी बेटं असतात. सोनं चढवताना जाडी मोजणाऱ्या मॉनिटरवरचा ५ हा आकडा नुसती सरासरी. सोन्याच्या अणूंना काचेपेक्षा एकमेकांची ओढ जास्त, त्यामुळे तेलकट ताटलीवरच्या पाण्यासारखे ते थेंबाथेंबाने गोळा होतात. मध्ये कोरी काच. विजेला वाटच नाही.

नमुना उजेडासमोर धरा. निळसर-जांभळी झाक दिसली तर बेटं. सलग पातळ सोनं आरपार हिरवट दिसतं. मी तर मीटर लावायच्या आधी रंगच बघतो.

सोनं वाढत गेलं की बेटं फुगतात, एकमेकांना चिकटतात, वेडेवाकडे पट्टे होतात. साधारण १० नॅनोमीटरच्या आसपास (काचेची स्वच्छता आणि तापमान यांनुसार मागेपुढे) या टोकापासून त्या टोकापर्यंत पहिली वाट जुळते आणि रोध एकदम कोसळतो.

२० ला थर सलग असतो खरा, पण रोधकता (पदार्थाचा विजेला होणारा अंगभूत विरोध) जाड, भरीव सोन्याच्या २.२ मायक्रोओहम-सेंटिमीटरपेक्षा जास्तच भरेल. सोन्यात इलेक्ट्रॉन दोन धडकांच्या मध्ये सरासरी ४० नॅनोमीटर जातो. इथे त्याआधीच थराचा पृष्ठभाग किंवा स्फटिककणांच्या (थर ज्या बारीक स्फटिकांचा बनतो त्यांच्या) सीमा आडव्या येतात, कारण कणही बहुधा थराच्या जाडीइतकेच बारीक असतात.

पातळ थरच हवा असेल तर आधी १-२ नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम द्या, त्याला सोनं काचेपेक्षा चांगलं धरतं. आणि काच तापवू नका, बेटं आणखी आकसतील.