वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन मोहीम आणि गेम मास्टर

प्रश्न : आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती ऑनलाइन खेळतो. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा, मी. तिघे गोव्यात, एक मस्कतला, एक लंडनला. रोल२० या खेळाच्या संकेतस्थळावर नकाशा उघडायलाच वेळ लागतो. एक तर सगळे एकदम बोलतात, नाहीतर सगळे गप्प. एक लढाई दीड तास चालते. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, साखळी

उत्तर : आवाजापासून. नकाशा उघडला नाही तर खोलीचं वर्णन करून तुम्ही वेळ निभावून नेऊ शकता; आवाज तुटला तर हातात काहीच उरत नाही. सगळ्यांना इयरफोन सक्तीचे करा. स्वतःचाच आवाज परत ऐकू येतोय अशी तक्रार आली, तर ज्याला तो परत ऐकू येत नाही त्याचं यंत्र तपासा. त्याच्याच स्पीकरमधून निघालेला आवाज त्याच्या माइकमध्ये शिरत असतो. ज्याच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असेल त्याने बटण दाबून बोलण्याची सोय वापरावी.

‘आता काय करता?’ असं सगळ्यांना मिळून विचारू नका. समोरासमोर बसलेलं असताना कोण बोलायला पुढे सरकतोय ते दिसतं. इथे दोघे एकदम सुरू होतात, दोघेही थांबतात आणि मग कुणीच बोलत नाही. प्रश्न नाव घेऊन विचारा, तोही पात्राचं नाव घेऊन. त्याच दमात पुढचा कोण तेही सांगा. नुसतं एवढं केलं तरी लढाई बरीच आखडते, कारण प्रत्येक जण पाळी आल्यावर मंत्रांची यादी वाचायला घेतो, तो वेळ वाचतो.

हिशेब असा : चार खेळाडूंना प्रत्येकी दोन मिनिटं, तुम्हाला तीन, म्हणजे एक फेरी अकरा मिनिटांची. चार फेऱ्यांची लढाई पाऊण तासात आटोपायला हवी. हल्ल्याचा आणि नुकसानीचा फासा एकत्र टाकणारा मॅक्रो, म्हणजे एका बटणावर चालणारी तयार आज्ञा, प्रत्येकाला आधीच लिहून द्या. एकाच जातीच्या राक्षसांसाठी पाळीचा क्रम ठरवणारा फासा एकदाच टाका, नियमातच तशी मुभा आहे. त्यांचं नुकसान फासे न टाकता सरासरीने धरा. २०१४च्या पुस्तकातल्या गॉब्लिन या छोट्या राक्षसाच्या तलवारीचं ते ५ आहे. सहा गॉब्लिन असले की यात किती वेळ सुटतो ते पाहाच.

नकाशा बहुतेक वेळा अडतो तो चित्राच्या आकारामुळे. रोल२०चा एक चौकोन मुळात ७० पिक्सेलचा असतो. ३० बाय २० चौकोनांच्या नकाशाला २१०० बाय १४०० पिक्सेलचं चित्र पुरतं. याच्या तिप्पट मोठी पीएनजी फाइल चढवून काही जास्त दिसत नाही, फक्त फोनवरून खेळणारा अडकतो. चित्र जेपीजी करा आणि पुढच्या खोल्या वेगळ्या पानांवर ठेवा.

वेळेचं एक लक्षात ठेवा. तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे मस्कतला आठ. लंडनला उन्हाळ्यात पाच, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ मागे जातं आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथे चारच वाजलेले असतात. त्या आठवड्यात निरोप पाठवायला विसरू नका.

पावसाळ्यात वीज जाणार हे धरूनच चाला. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा. फायबरचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, आणि हेच नेमकं राहून जातं. तेही बंद पडलं तर फोनवरून नुसता आवाज चालू ठेवा. डिस्कॉर्ड या बोलण्याच्या ॲपच्या नेहमीच्या ६४ केबीपीएसला एका माणसाचा आवाज तासाला साधारण ३० एमबी घेतो.

प्रश्न : फाउंड्री हे ऑनलाइन खेळायचं सॉफ्टवेअर घेतलं. माझ्या घरात चालतं, पण मित्रांना जोडताच येत नाही. राउटरवर ३०००० हा पोर्ट, म्हणजे बाहेरून जोडण्याचा क्रमांकाचा मार्ग, उघडला आहे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणजे वॅन पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. मग तुम्ही कितीही पोर्ट उघडा, बाहेरची विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागा, नाहीतर भाड्याच्या सर्व्हरवर फाउंड्री बसवा. परवाना एकदाच आणि फक्त गेम मास्टरने घ्यायचा असतो. मित्रांना ब्राउझर पुरतो.