पोव्यातचे नाव नव्हे, गाव आणि साल सांगा

पोलंडच्या आग्नेय टोकाला असलेल्या बियेश्चादी भागाबद्दल येणाऱ्या पत्रांत घोळ बहुतेक वेळा एकाच शब्दाचा असतो: पोव्यात. हा तिथला जिल्ह्यासारखा विभाग, आणि त्याखालची स्थानिक पालिका म्हणजे ग्मिना.

प्रश्न: पोव्यात म्हणजे जिल्हा आणि स्तारोस्ता म्हणजे कलेक्टर, बरोबर ना?

पूर्ण नाही. स्तारोस्ता पोव्यातचा प्रमुख असतो, पण कलेक्टर नव्हे: त्याला पोव्यातची निवडून आलेली परिषद निवडते, आणि खालच्या ग्मिनांवर त्याचा हुकूम चालत नाही.

प्रश्न: गाडीची नोंदणी कुठे?

पोव्यातच्या कचेरीत. घरपट्टी मात्र ग्मिनेत.

प्रश्न: कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत 1943 ते 1948 दरम्यान राहिलेल्या एका पोलिश कुटुंबाचा कागद आमच्याकडे आहे. त्यावर उस्त्शिकी डोल्नेलगतचे गाव आणि ‘पोव्यात लेस्को’ लिहिले आहे. जन्मनोंदीसाठी लेस्कोला लिहू का?

नको. 1939 पर्यंत उस्त्शिकी लेस्को पोव्यातमध्ये होते. त्या सप्टेंबरात सोव्हिएत फौज आली, 1941 मध्ये जर्मन आले, 1944 मध्ये पुन्हा सोव्हिएत. युद्ध संपले तरी गाव पोलंडला मिळाले नाही. ते मिळाले पोलंड आणि सोव्हिएत संघातल्या 1951 च्या जमिनीच्या अदलाबदलीत, सुमारे 480 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यासह. 1975 मध्ये देशभरचे पोव्यात रद्द झाले, 1 जानेवारी 1999 ला परत आले, आणि 2002 मध्ये लेस्को बियेश्चादी पोव्यातमधून वेगळे निघाले. उस्त्शिकी बियेश्चादी पोव्यातमध्येच राहिले. म्हणून कागदावरचे ‘लेस्को’ आणि आजचे लेस्को एक नव्हेत.

शिवाय जन्मनोंद पोव्यात ठेवतच नाही. 100 वर्षांच्या आतली ग्मिनेच्या नोंदणी कार्यालयात असते, त्याआधीची सरकारी अभिलेखागारात. कुटुंबाचा पंथही कळवा: ग्रीक कॅथलिक (पोपला मानणारे, पण पूर्वेकडच्या पद्धतीने उपासना करणारे) बिशपांचे दप्तर प्शेमिश्ल शहरातल्या सरकारी अभिलेखागारात आहे, रोमन कॅथलिकांच्या वह्या वेगळ्या. ‘आठ दिवसांत पूर्ण वंशावळ’ विकणाऱ्याला एक पैसा देऊ नका. युद्धात गेलेली वही त्याच्याकडेही नसते. त्या घरातले कोणी वयस्क असतील तर गावाचा नेमका उच्चार आजच विचारून घ्या, तो उद्यावर ढकलू नका. कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो अभिलेखागाराला पाठवा आणि पुढचा अर्ज त्यांच्या सल्ल्यानेच करा.

प्रश्न: तिथल्या शेतजमिनीवर ‘लगेच घर बांधता येईल’ असे एजंट म्हणतो. खरे का?

एजंटाचे तोंडी बोलणे म्हणजे पुरावा नव्हे. त्याच्याकडून जमिनीच्या नोंदवहीचा क्रमांक मागा: आधी कोर्टाचा संकेत, मग आठ अंक, शेवटी एक तपासणी अंक. ही वही इंटरनेटवर फुकट दिसते. तिसऱ्या भागात इतरांचे हक्क, चौथ्यात गहाण. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा. जमिनीचा वापर ग्मिना ठरवते, बांधकाम परवाना त्यानंतर स्तारोस्ता देतो. भारतीय पासपोर्टवर जमीन घ्यायची तर आधी गृहमंत्र्यांची परवानगी लागते. ती नसेल तर खरेदी रद्दबातल ठरते. विसार देण्याआधी तिथल्या वकिलाला कागद दाखवा.