रॅम्प झाला, आता चढणार कोण?

प्रश्न: ताई, आमच्या ग्रुपने छोटी वाचनखोली सुरू केलीय. अपंगांनाही येता यावं म्हणून पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधला, पायऱ्यांची उंची दीड फूट, रॅम्प सातेक फूट लांब. उद्घाटनाला व्हीलचेअरवरचे एक काका आले, दोघांनी ढकलत त्यांना वर नेलं. त्यानंतर ते फिरकले नाहीत, दुसरंही कुणी आलं नाही. आता ग्रुपमध्ये सूर असा की एवढं करूनही यांना किंमत नाही. आमचं काय चुकलं?

उत्तर: अहो, आधी गणित बघा. व्हीलचेअरच्या रॅम्पला साधारण 1:12 चा उतार धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तुमच्या दीड फुटाला अठरा फूट हवेत आणि तुम्ही दिलेत सात, ती घसरगुंडी झाली हो! चढताना दोन माणसं लागणार आणि उतरताना जीव मुठीत. वर पोचल्यावर दारासमोर खुर्ची वळवायला पाच बाय पाच फुटांची सपाट जागा लागते, ती नसेल तर एका हाताने दार ओढायचं नि दुसऱ्याने चाक धरून ठेवायचं, दार बाहेर उघडणारं असेल तर मग बघायलाच नको. सरळ अठरा फूट जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन रॅम्प वळवता येतो.

हे सगळं त्या काकांनी बांधकामाआधी पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण तुम्ही त्यांना बोलावलं उद्घाटनाला, म्हणजे फोटोपुरतं (रागावू नका, बहुतेक ग्रुप हेच करतात). "आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीच नको" ही अपंगांच्या चळवळीची घोषणा उगाच नाही आली. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारात, कलम 4 मध्ये, अपंगांबद्दलचे निर्णय घेताना त्यांच्याशी आणि त्यांच्या संघटनांशी सल्लामसलत करायचं बंधन सरकारांवर आहे. तुमच्यावर तसं बंधन नाही, पण विचारलं असतं तर रॅम्प दोनदा बांधायची वेळ आली नसती.

आणि अपंग म्हणजे फक्त व्हीलचेअर असं धरून चालू नका. वाचनखोलीची जाहिरात तुम्ही व्हॉट्सॲपवर टाकली असेलच, रंगीत पोस्टर बनवून. अंध माणसाचा मोबाइल स्क्रीन रीडरवर चालतो, तो टाइप केलेला मजकूर वाचून दाखवतो, पण पोस्टर आलं की बरेचदा नुसतं "फोटो" म्हणून पुढे जातो. म्हणजे आमंत्रण मिळालं आणि कळलंच नाही कशाचं! पोस्टरखाली तोच मजकूर टाइप करून टाका, एक पैसा लागत नाही.

प्रश्न: आमच्या प्रकल्पाच्या मीटिंगला आम्ही एका कर्णबधिर ताईंना मुद्दाम बोलावतो, पण त्या गप्प बसून असतात. काय करावं?

उत्तर: गप्प बसून असतात की तुम्ही सगळे एकदम बोलता? त्यांना सांकेतिक भाषा येते का हे आधी त्यांनाच विचारा, सगळ्यांना येतेच असं नाही. येत असेल तर दुभाषी बोलवा, आणि त्याचा खर्च पहिल्या बजेटमध्येच धरा, शेवटी उरलं तर बघू म्हटलं की उरत नाही. दुभाषी आला तरी बोलायचं ताईंकडे बघून, त्याच्याकडे बघून नाही. दुभाष्याच्या हातांतून वाक्य पोचायला थोडा वेळ लागतो, तोवर तुम्ही ठराव पास करून पुढच्या विषयावर गेलेले असता. मुद्दे दोन दिवस आधी लिहून पाठवा, एका वेळी एकानेच बोलायचं ठरवा. आणि डिझाइनवाल्याला मानधन देत असाल तर ताईंनाही द्या, त्याही त्यांचा अनुभव देतायत.