रुपयाएवढी जागा

सांगलीहून एका 29 वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. नाव कुठेही येऊ देऊ नका, असं तिनं तीनदा लिहिलंय. ती लिहिते:

"लग्नाला तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात खाली पाण्याचे फोड आले. ताप नव्हता, पण लघवीला इतकी आग की रडू यायचं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोडातलं पाणी तपासायला पाठवलं. हर्पीस निघाला, टाइप 2. रक्तही घेतलं होतं, त्यात टाइप 2 चं आयजीजी की काय ते 9.4 आलंय. फोड यायच्या नऊ दिवस आधी माझे मिस्टर ऑफिसच्या कामावरून हैदराबादहून परत आले होते. मी वाचलं की लागण झाल्यापासून 2 ते 12 दिवसांत फोड येतात. सगळं जुळतंय. त्यांच्या अंगावर एकही फोड नाही, म्हणून ते म्हणतात, मला काही नाही. मी माहेरी आले आहे. आईनं माझा टॉवेल आणि बादली वेगळी केली. सासूबाईंना, मला नागीण झालीय, असं सांगितलंय. रविवारी दोन्हीकडची बैठक आहे, सोलापूरचे मामा येणार आहेत. माझ्याकडून शंकेला जागा नाही. पुण्यात शिकताना एक मुलगा होता, पण ते सात-आठ वर्षांपूर्वीच संपलं आणि त्याला कधी काही झालेलं नव्हतं. मलाही त्वचेचा कधी त्रास नाही, फक्त पॅडची ॲलर्जी आहे, पाळीच्या आधी उजव्या कुल्ल्याच्या वर रुपयाएवढ्या जागेत खाज आणि दोन-तीन पुटकुळ्या येतात, चार दिवसांत जातात, कॉलेजपासूनच आहे, पॅड बदलून पाहिले. आम्हाला या वर्षी बाळाचा विचार करायचा होता. बैठकीत त्यांच्याकडून कबुली कशी घ्यावी, ते सांगा."

बाळ, कबुली कशी घ्यायची ते मी सांगणार नाही. तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले आहे, आणि ते हैदराबादचं नाही.

पॅड कुठे असतं? तुझी खाज कुठे येते? कुल्ल्याच्या वर, एका बाजूला, रुपयाएवढ्या जागेत. पॅड तिथपर्यंत पोचत नाही. पॅडनं कातडी चिडली तर ती जांघेत चिडते, दोन्हीकडे चिडते, आणि पॅड लावल्यावर चिडते. तुला पॅड लावायच्या आधी होतं. नेमकं त्याच जागी, दर वेळी उजवीकडेच. आधी खाज, मग दोन-तीन पुटकुळ्या, चार दिवसांत सगळं साफ. पॅड बदलूनही फरक नाही. इतकी वर्षं तू त्याला ॲलर्जी म्हणत आलीस, कारण कुणीतरी कधीतरी ॲलर्जी म्हटलं आणि पुढे कुणी पाहिलंच नाही. यात तुझी काहीच चूक नाही. पण टाइप 2 चा हर्पीस, म्हणजे बहुतेकदा शरीरसंबंधातून लागणारा, अनेक बायकांमध्ये नेमका असाच वागतो.

मी डॉक्टर नाही. तो हर्पीसच आहे असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पुढच्या वेळी पुटकुळी उठली की पहिल्या एक-दोन दिवसांत त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि तिथलं पाणी तपासून घे. वाळून गेल्यावर काही सापडत नाही. पण ज्या माणसाला तू रविवारी आठ-दहा जणांसमोर उभं करणार आहेस, त्याच्याइतकाच तुझाही या प्रकरणात संबंध असू शकतो, एवढं मला दिसतंय. आणि तुला ते दिसत नाही याचा मला राग आला, हेही सांगते.

हा विषाणू कातडीवरून आत शिरला की मज्जातंतूच्या वाटेनं वर जातो आणि पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. तिथे तो आयुष्यभर राहतो. अधूनमधून जागा होतो आणि त्याच वाटेनं खाली कातडीवर येतो. कमरेखालच्या त्या भागातली कुठलीही वाट तो धरू शकतो. म्हणून लागण एका जागी झाली तरी पुटकुळ्या कुल्ल्यावर उठू शकतात. कधी मोठे फोड येतात, कधी नुसती खाज सुटते, कधी मांडीत मुंग्या येतात. आणि कधी तो कातडीवर येऊन जातो, पण माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. या शेवटच्या दिवसांतही तो दुसऱ्याला लागू शकतो. "त्यांच्या अंगावर एक फोड नाही" हे तुझं वाक्य म्हणूनच ना त्यांच्या बाजूनं पुरावा आहे, ना त्यांच्याविरुद्ध.

अमेरिकेतल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलंय. टाइप 2 असलेल्या जवळपास 500 जणांनी रोज स्वतःच्या कातडीवरचा नमुना घेतला. 2011 साली निकाल छापून आला. ज्यांना फोड येत होते, त्यांच्या कातडीवर साधारण 20 टक्के दिवशी विषाणू सापडला. आणि ज्यांना आयुष्यात कधीही काही झालेलं आठवत नव्हतं, केवळ रक्तातून कळलं होतं, त्यांच्याही कातडीवर तो 10 टक्के दिवशी होता. म्हणजे महिन्यातले तीन दिवस. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनीही शपथेवर सांगितलं असतं, मला काही नाही. त्यात खोटं काही नव्हतं.

आता तो पुण्याचा मुलगा. "त्याला कधी काही झालेलं नव्हतं" असं तू लिहिलंस आणि त्याला तिथल्या तिथे सोडून दिलंस. तीच गोष्ट नवरा म्हणतो तेव्हा मात्र तो साळसूदपणा वाटतो तुला. दोघांना एकच माप लाव ना. त्या मुलाला तेव्हा ठाऊक नसणार. तुझ्या नवऱ्यालाही ठाऊक नसणार. आणि तुलाही नव्हतं. तुझ्या त्या वयातल्या प्रेमाबद्दल मला एक अक्षरही वाईट म्हणायचं नाही, कुणी म्हणू लागला तर मी तुझ्या बाजूनं भांडेन.

ते 2 ते 12 दिवसांचं गणित तू चुकीच्या ठिकाणी लावलंस. नवी लागण होऊन फोड येणार असतील, तर ते एवढ्या दिवसांत येतात, हे खरं. पण बहुतेकांना नव्या लागणीच्या वेळी काही जाणवतच नाही. पहिला ठसठशीत फोड वर्षांनंतर येऊ शकतो, लग्नानंतर, बाळंतपणानंतर, कशाही आजारपणानंतर.

आणि उत्तर तर तुझ्याच रिपोर्टमध्ये होतं. आयजीजी म्हणजे या विषाणूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, कुणाकुणाला तीन-चार महिनेही लागतात. तुझं रक्त घेतलं फोडांच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे नवरा परतल्यापासून अकरा-बारा दिवसांत. एवढ्यात आकडा 9.4 वर जात नाही. हैदराबादला काही घडलं की नाही, हे मला माहीत नाही. पण तुझ्या अंगातला हा विषाणू त्या प्रवासाच्या आधीपासून आहे, हे तुझं रक्त सांगतंय. किती आधीपासून, ते कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. सहा महिने असेल, आठ वर्षं असतील. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एवढा एकच प्रश्न त्यांना विचार.

लागण नवऱ्याकडून, त्याच्या लग्नाआधीच्या कुठल्या दिवसांतून तुझ्याकडे आली असेल, हेही शक्य आहे. त्याची टाइप 2 ची आयजीजी तपासणी झाली पाहिजे, पण आरोपपत्रात जोडायला नाही. तो निगेटिव्ह निघाला, तर तीन वर्षं एका अंथरुणात राहूनही त्याला लागलेलं नाही, आणि पुढे लागू नये म्हणून तुलाच काळजी घ्यायची आहे. असं होतं, बरं का. 1992 साली छापून आलेल्या एका अभ्यासात 144 जोडपी होती, प्रत्येकात एकाला हर्पीस आणि एकाला नाही. जवळपास वर्षभरात 14 जोडीदारांना लागण झाली. बाकीच्या 130 जणांना झाली नाही. ज्यांना झाली, त्यांतल्या बहुतेकांना ती फोड नसलेल्या दिवसांत झाली.

काळजी काय घ्यायची, तेही थोडक्यात सांगते, कारण घाबरलेल्या माणसाला हातात काहीतरी काम लागतं. खाज किंवा मुंग्या सुरू झाल्या की कातडी पूर्ण भरेपर्यंत संबंध नकोत. एरवी निरोध, जो सगळी कातडी झाकत नाही पण धोका नक्की कमी करतो. आणि डॉक्टरांना रोजच्या व्हॅलासायक्लोव्हिरबद्दल, या विषाणूवरच्या गोळीबद्दल, विचार. 1,484 जोडप्यांवरच्या, 2004 साली छापून आलेल्या चाचणीत आठ महिन्यांत, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या गटात 27 जोडीदारांना लागण झाली, तर औषधाच्या गटात 14 जणांना. धोका निम्म्यावर येतो.

बाळाचं तू एका वाक्यात उरकलंस, पण ते वाक्य लिहिताना तुझा हात थरथरला असणार. ऐक. आईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत नव्यानं लागण झाली, तर बाळाला ती जाण्याची शक्यता 30 ते 50 टक्के असते. आईची लागण जुनी असली, तर हीच शक्यता एक टक्क्याहूनही कमी. तुझी लागण आताच जुनी झालेली आहे. गरोदर राहिलीस की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांग. ते शेवटच्या महिन्यात गोळ्या देतील, कळा सुरू होताना फोड असले तर सिझेरियन करतील. तुला बाळ होईल, बाई. त्याला पदराखाली घेऊन पाजशील. फक्त स्तनावर फोड आला तर तेवढ्या दिवसांत त्या बाजूनं पाजायचं नाही.

आईला सांग, टॉवेल परत एकत्र ठेव. बादलीतून, संडासातून, साबणातून हा लागत नाही, कातडीबाहेर तो फार काळ टिकत नाही. तू तिची लेक आहेस आणि स्वतःच्याच घरात वेगळ्या बादलीनं आंघोळ करतेस, हे वाचून माझ्या पोटात तुटलं. सासूबाईंना नागीण सांगितलंस ते असू दे, त्यांना सगळं सांगायची गरज नाही. पण तुझ्या मनात घोळ नको. नागीण वेगळ्या विषाणूची, कांजिण्यांच्या. दोन्ही विषाणू नात्यातले आहेत, आणि इंग्रजीत दोन्ही आजारांच्या नावात हर्पीस येतं. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, असं माझी आजी सांगायची. ते नागिणीच्या बाबतीतही खरं नव्हतं, तुझ्या बाबतीत तर नाहीच नाही.

आता रविवार. बैठकीत काय होईल, ते तू डोळ्यासमोर आण. मामा विचारतील, हा आजार होतो कशानं? कुणीतरी सांगेल. मग नवऱ्याच्या बाजूचं कुणीतरी म्हणेल, मग तिलाच आधीपासून नसेल कशावरून? आणि तुझ्याकडे त्या प्रश्नाला उत्तर नसेल, कारण त्याचं उत्तर कुणाकडेच नाही. ज्या खटल्यात पुरावाच असू शकत नाही, तो आपल्या समाजात शेवटी बाईवर उलटतो. तू नवऱ्यासाठी मांडलेली ती सतरंजी तुझ्याच पायाखालून ओढली जाईल. त्या खोलीत पुण्याचं नाव निघेल. मला ते नको आहे.

म्हणून बैठक मोड. आज रात्रीच. आणि मग नवऱ्याला फोन कर. त्याला काही विचारण्याआधी तू त्याला सांगायचं आहेस. त्या रुपयाएवढ्या जागेबद्दल. "मला कॉलेजपासून इथे असं होतं, मी त्याला पॅडची ॲलर्जी समजत होते, कदाचित ती नसेल." एवढं बोल. त्या मुलाचं नाव, गाव, किती दिवस, काही सांगायची गरज नाही, तो तुझा भाग आहे. "तू हैदराबादला काय केलंस" हे वाक्य मात्र तू परत घ्यायचं आहेस, स्पष्ट शब्दांत. मग त्याला म्हण, सोमवारी दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ, तुझं रक्त तपासू, माझा रिपोर्ट नीट समजून घेऊ.

तो चिडेल. चिडू दे. महिनाभर तोही न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगत असू शकतो.

मामांना मात्र आधी फोन कर. सोलापूरहून यायचं म्हणजे ते शनिवारीच निघतील.