पोर्टलमध्ये नाव टाकायच्या आधी लेकीची क्रेडिट्स मोजा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वही घेऊन बसले कारण त्यात खेळ, शिक्षण आणि व्हिसा असं सगळं एकमेकांत गुंतलंय. मला जे समजलं ते आधी लिहिते, काही चुकलं असेल तर सांगा. तुमची लेक अमेरिकेत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवरच्या, एका मधल्या फळीतल्या कॉलेजात बास्केटबॉलची पॉइंट गार्ड (टीमचा खेळ चालवणारी) आहे, फुल स्कॉलरशिपवर, मेजर (मुख्य विषय) सिव्हिल इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष संपत आलंय आणि डिग्रीसाठी मोजली जाणारी ६४ क्रेडिट्स झालीयेत. पहिल्या वर्षी गुडघ्याचं एसीएल (आतलं लिगामेंट) फाटलं म्हणून एकही मॅच नाही, यंदा खेळली पण मॅचमागे जेमतेम नऊ मिनिटं. घरात तुमचे मिस्टर एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, तुम्ही आणि ती त्याच्याच आधाराने कुटुंबाला मिळणाऱ्या एच-फोरवर, ती नोव्हेंबरात २१ ची होणार. आणि तिच्या समर टीमचे कोच म्हणतायत की ट्रान्स्फर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाका, मोठ्या कॉलेजांचे फोन येतील, वर एनआयएलचे, म्हणजे खेळाडूने स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमवायचे, पैसेही मिळतील. तुम्ही विचारलंय, "कॉलेज बदलून तिचा फायदा होईल का, की आम्हीच उगाच घाबरतोय?"

घाबरताय ते बरोबरच घाबरताय. माझं मत विचाराल तर यंदा नको. दोन वर्षांनी, डिग्री हातात घेऊन, जरूर. असं का म्हणतेय ते सविस्तर सांगते.

पूर्वी कॉलेज बदललं की बास्केटबॉलवाल्यांना एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, त्यामुळे लोक दहादा विचार करायचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये पोर्टल आलं, २०२१ मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासाची अट पूर्ण असेल तर कितीही वेळा बदला, बाहेर बसायची गरज नाही. मुलांना हातात काहीतरी सत्ता मिळाली हे चांगलंच झालं, आधीचा नियम खरंच जाचक होता, कोच करार मोडून दुसरीकडे जाऊ शकायचा आणि पोराने मात्र वर्षभर शिक्षा भोगायची. पण दार सगळ्यांनाच उघडलं ना. २०२५ च्या वसंतात नुसते मुलांच्या डिव्हिजन वनमधले २००० पेक्षा जास्त खेळाडू पोर्टलमध्ये होते, आणि मुलींचा आकडासुद्धा हजाराच्या वर. टीम्स साधारण ३६० च्या आसपास, त्यामुळे सगळ्यांना आधीपेक्षा चांगली जागा मिळणं गणितातच बसत नाही.

समरचे कोच तुम्हाला ज्यांची उदाहरणं देत असतील ती मला माहितीयेत. एंजल रीस मेरीलँड सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट) गेली आणि २०२३ मध्ये चॅम्पियन झाली. मुलांमध्ये डाल्टन नेक्ट ज्युनिअर कॉलेजातून नॉर्दर्न कोलोरॅडोला, तिथून टेनेसीला, आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम्सच्या खेळाडू-निवडीत, लेकर्सनी त्याला १७ व्या नंबरवर घेतलं. वॉल्टर क्लेटन ज्युनिअर आयोनामधून फ्लोरिडाला गेला आणि २०२५ च्या फायनल फोरचा, म्हणजे शेवटच्या चार टीम्सच्या फेरीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. सगळं खरं आहे. पण निघताना हे तिघं काय होते ते बघा. रीसची मेरीलँडमध्ये सरासरी १७ पॉइंट्सच्या वर होती, नेक्टची आधीच्या कॉलेजात २० च्या वर, क्लेटन आयोनाचा मुख्य खेळाडू. म्हणजे जे आधीच आपल्या टीमचा कणा होते ते वर गेले आणि वरही टिकले. नऊ मिनिटं खेळणाऱ्या मुलीला वरच्या कॉलेजातून फोन येतो तो बहुतेक वेळा बेंच भरायला. तिला मिनिटं हवी असतील तर जावं लागेल खालच्या पातळीवर, आणि डिव्हिजन टूमध्ये स्कॉलरशिप बऱ्याचदा तुकडे करून वाटतात, डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच. वाईट वाटेल वाचून पण हे आत्ता कळलेलं बरं, जूनमध्ये फोन वाजायची वाट बघताना नको.

आणि वर गेल्यावरही सगळं जमतंच असं नाही. हेली व्हॅन लिथ लुइव्हिलमधली मोठी नाववाली गार्ड, २०२३ मध्ये एलएसयूला गेली, तिथे तिला पॉइंट गार्डचं काम दिलं, ते तिच्या नेहमीच्या खेळाला बसेना आणि तिचे पॉइंट्स उतरले. मग टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन) गेली, तिथे तिच्या हातात बॉल, तिच्याभोवती रचलेली टीम, ती टीम एलिट एटपर्यंत, म्हणजे शेवटच्या आठांत, पोचली आणि २०२५ ला ती पहिल्या राउंडमध्ये ड्राफ्ट झाली. खेळाडू तीच. एकीकडे भूमिका जुळली नाही, दुसरीकडे जुळली. म्हणून फायदा कॉलेजच्या नावावर मोजू नका, तिथे तिच्याकडून नेमकं काय खेळून घेणार हे आधी कळायला हवं.

अजून एक उदाहरण सांगते, हे मला मनापासून आवडतं. वरुण राम, आपल्याच भारतीय वंशाचा मुलगा, डिव्हिजन थ्रीच्या ट्रिनिटी कॉलेजातून मेरीलँडला आला, तेही वॉक-ऑन म्हणून, सुरुवातीला स्कॉलरशिप नाही. खेळायला फार मिळायचं नाही. मार्च २०१५ मध्ये एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेच्या, टूर्नामेंटला व्हॅल्परायझोविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांसाठी कोचने त्याला डिफेन्सला उतरवलं, त्याने समोरच्याला शॉट घेऊच दिला नाही, मेरीलँड ६५-६२ जिंकलं. फिजिऑलॉजी-न्यूरोबायॉलॉजीसारखा अवघड अभ्यास सांभाळून तो हे करत होता. तो कॉलेज बदलून फायद्यात राहिला असं मी म्हणेन, पण त्याचा फायदा मिनिटांत मोजता येत नाही.

आता तुमच्या केसचा गाभा, याबद्दल समरचे कोच एक अक्षर बोलले नसतील. पोर्टलमध्ये नाव टाकायचं म्हणजे मुलीने कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम सांभाळणारं ऑफिस) लेखी कळवायचं, दोन कामाच्या दिवसांत ते नाव टाकतात, मग बाकीचे कोच तिच्याशी बोलू शकतात. पण लेखी कळवलं की आत्ताचं कॉलेज ती टर्म संपल्यावर स्कॉलरशिप बंद करू शकतं, आणि नंतर मन बदललं तरी परत घ्यायचं बंधन त्यांच्यावर नाही. आपल्याकडे म्हणतात ना हातचं सोडून पळत्याच्या पाठी, अगदी तसं, नवीन जागा मिळायच्या आधी जुनी सोडायची. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने असंच नाव टाकलं, जुलैपर्यंत एकही पूर्ण ऑफर नाही, तोवर त्याची जागा भरलेली, शेवटी घरच्यांनी कर्ज काढून फी भरली. त्याच्या आईचा फोनवरचा आवाज अजून आठवतो मला.

तुमच्या घरात तर कर्जाच्याही पुढचा प्रश्न आहे. २१ पूर्ण झाली की ती एच-फोरवर राहू शकत नाही, त्याआधी एफ-वन या विद्यार्थी व्हिसाचा अर्ज जायला हवा, त्यासाठी कॉलेजचा आय-२० (कॉलेजने द्यायचा प्रवेशाचा कागद) लागतो, आणि आय-२० साठी शिक्षणाचा पैसा कुठून येणार ते दाखवावं लागतं. तिच्याकडे आज त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, फुल स्कॉलरशिपचं पत्र. एप्रिलमध्ये तेच पत्र धोक्यात घालून नोव्हेंबरच्या आत नवं कॉलेज, नवी मदत, नवा आय-२० आणि व्हिसाचा अर्ज हे सगळं जमवायचं? यात एक गोष्ट जरी लांबली तरी खेळ राहतो बाजूला. इमिग्रेशन वकिलाची वेळ याच आठवड्यात घ्या, कॉलेज बदलो न बदलो, हे काम तर करायचंच आहे. आणि एनआयएलच्या पैशाचं म्हणाल तर एच-फोरवर तिला कमवायची परवानगी नाही, एफ-वनवरही बाहेरच्या कामावर कडक बंधनं आहेत, जाहिरातीचे पैसे घेतले आणि व्हिसा अडचणीत आला असं व्हायला नको. ते आमिष तुमच्यापुरतं हिशोबातून काढूनच टाका.

क्रेडिट्सचं गणितही करा. डिव्हिजन वनमध्ये तिसऱ्या वर्षी खेळायचं तर चालू डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण लागतो, चौथ्या वर्षी ६०, पाचव्या वर्षी ८०. १२८ क्रेडिटची डिग्री धरली तर ४० टक्के म्हणजे ५१ च्या थोडं वर. तिची ६४ झालीयेत, छान आहे, पण नवीन कॉलेज ती सगळी सिव्हिलच्या डिग्रीत धरेल असं नाही, काही विषय नुसते इलेक्टिव्ह म्हणून घेतात, काही घेतच नाहीत. १५ जरी गळली तरी राहिली ४९, म्हणजे खेळायलाच अपात्र. मग काय होतं माहितीये? तिथला सल्लागार हळूच सुचवतो की मेजर बदल, अमुक विषयात तुझी क्रेडिट्स बसतात. पोरगी खेळायला मिळावं म्हणून हो म्हणते आणि सिव्हिल इंजिनिअरिंग सुटतं. एफ-वनवर डिग्रीनंतर नोकरीसाठी १२ महिने ओपीटी, म्हणजे काम करायची परवानगी, मिळते आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तरच वरचे २४, म्हणजे मेजर सुटला तर तिची ती दोन वर्षंही गेली. खेळाडूंच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो, कारण हे नुकसान स्कोअरशीटवर कुठेच दिसत नाही.

मग दोन वर्षांनी का, तर पाच वर्षांच्या घड्याळात चार सीझन खेळता येतात, आणि तिचं पहिलं वर्ष गुडघ्यामुळे खेळाविना गेलं म्हणजे तो सीझन खर्च झालेला नाही. चौथ्या वर्षी ती सिव्हिलची डिग्री घेईल तेव्हा एक सीझन हातात शिल्लक असेल. तेव्हा ग्रॅज्युएट ट्रान्स्फर म्हणून जावं, मास्टर्सला, स्ट्रक्चरल असो ट्रान्सपोर्टेशन असो, तिला आवडेल ते. क्रेडिट्स गळायची भीती नाही, एफ-वन बसलेला असेल, आणि तोवर नऊची वीस मिनिटं झाली असतील तर फोनही खरेखुरे येतील. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष आपल्या पायावर विश्वास ठेवायला शिकण्यात जातं हो, यंदाच्या नऊ मिनिटांवरून तिचा खेळ ठरवू नका.

तुम्हीच लिहिलंय की तिच्या पुढच्या दोन्ही गार्ड्स यंदा सीनिअर आहेत, जाणार आहेत. म्हणजे जागा होतेय. ती जागा तिला मिळेलच असं नाही, कोच पोर्टलमधून अनुभवी गार्ड आणू शकतात, हल्ली आणतातच. म्हणून तिने स्वतः हेड कोचची वेळ मागावी, तुम्ही किंवा तिच्या बाबांनी नाही, इथले कोच मिनिटांसाठी आईबापांनी केलेला फोन चांगला मानत नाहीत. तिने सरळ विचारावं की पुढच्या सीझनला गार्डच्या जागेवर कोण कोण असणार, बाहेरून कोणाला आणताय का, आणि मला त्या जागेसाठी उन्हाळ्यात नेमकं काय सुधारायला हवं. उत्तर नेमकं मिळालं, म्हणजे डाव्या हाताचं ड्रिबलिंग, पिक-अँड-रोलमधला निर्णय, वजन, असं काहीतरी, तर कोचच्या डोक्यात ती आहे. गुळमुळीत मिळालं तर नाही. आणि कोचने तोंडावर सांगितलं की तुझ्यासाठी जागा नाही, किंवा हेड कोचच सोडून गेले, तर माझा सल्ला बदलेल, तेव्हा लगेच लिहा. पोर्टल उघडं असायचा काळ ६० दिवसांचा ४५ झाला, मग २०२४ मध्ये ३०, आखूडच होत गेलाय, म्हणून यंदाची तारीख कम्प्लायन्स ऑफिसकडून आत्ताच विचारून ठेवा. दुसऱ्या कॉलेजच्या कोचशी नाव टाकायच्या आधी बोलता येत नाही, पण कोणते विषय धरतात याचे तक्ते बऱ्याच कॉलेजांच्या साइटवर असतात, ते बघायला कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटी एक सांगते, रागावू नका. चार पानांच्या पत्रात समरच्या कोचचं मत आहे, तुमचं आहे, बाबांचं आहे, ते नागपूरला स्वतः खेळायचे म्हणून त्यांचा जीव तुटतो तेही समजलं. लेकीचं वाक्य मात्र एकच आहे, "आई, बेंचवर बसून बसून पाय गार पडतात गं." त्यात कॉलेज सोडायचंय असं ती कुठे म्हणालीये? मैत्रिणी, अभ्यास, तिथले फिजिओ, ज्यांनी तिचा गुडघा परत उभा केला, यातलं तिला काय सोडवतं आणि काय सोडवत नाही, मला माहीत नाही आणि पत्रावरून तरी वाटतं की तुम्हीही अजून विचारलेलं नाही. कोचशी तिचं बोलणं झालं की पुढचं पत्र तिला लिहू द्या. मराठीत जमत नसेल तर इंग्रजीत लिहू दे, मी वाचेन.