वयाच्या एकतिसाव्या वर्षी अक्षर सुधारतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय एकतीस, संभाजीनगरला खोली करून राज्यसेवेची तयारी चालू आहे, टेस्ट सिरीजच्या उत्तरपत्रिकेवर तपासणाऱ्यानं 'मुद्दे बरे आहेत, पण वाचवत नाही' असा शेरा मारलाय, घरचे लहानपणापासून 'कोंबडीचे पाय' म्हणतात, आणि आता या वयात कित्ता गिरवून काही उपयोग होईल का.

अक्षर सुधारतं. पण कित्ता गिरवून नाही, निदान शाळेत गिरवायचो तसा तरी नाही.

मी परभणी जिल्ह्यात ग्रामसेवक आहे. (कागदावर आता ग्रामपंचायत अधिकारी, गावात अजून भाऊसाहेबच.) कितीही ऑनलाइन झालं तरी आमच्याकडं ग्रामसभेचं प्रोसिडिंग, म्हणजे सभेत काय ठरलं ते, अजून हातानं लिहावं लागतं, तेही एका बाजूला पाण्यावरून गलका चाललेला असताना. नोकरीला लागलो तेव्हा माझं अक्षरही तुमच्यासारखंच होतं. वळण आलं ते तिशी उलटल्यावर, म्हणून हे लिहितोय.

लहान लेकराला अक्षराचा आकारच माहीत नसतो, म्हणून त्याला गिरवायला देतात. तुमच्या हाताला आकार येतात. निवांत लिहिलं तर तुम्हीही बरं लिहीत असणार. बिघडतं ते घाईत. मग अ ते ज्ञ पानंच्या पानं भरून काय होणार? जी अक्षरं मुळात ठीक आहेत त्यांचाच सराव होणार. त्याऐवजी तो शेरा मारलेला पेपर काढा. नवीन, नीट लिहिलेलं पान नको, तोच गचाळ पेपर पाहिजे. खोलीतल्या मित्राला मोठ्यानं वाचायला सांगा. तो जिथं अडखळेल तिथं लाल पेनानं गोल करा. दोन-तीन पानांत कळेल की गोल सगळीकडं पसरलेले नाहीत, त्याच त्या पाच-सहा अक्षरांवर आणि जोडाक्षरांवर आहेत.

देवनागरीत हा घोळ बहुतेक वेळा शिरोरेषेपाशी असतो. आमच्या दप्तरात माझ्या कितीतरी आधीचं एक प्रोसिडिंग आहे. त्यातला ठराव एकदा सरपंचबाई वाचायला लागल्या आणि मधेच थांबून म्हणाल्या, "भाऊसाहेब, पाणीपट्टी मरायची का भरायची?" लिहिणाऱ्यानं 'भरण्याबाबत'च लिहिलं होतं. पण आधी सगळा शब्द लिहून मग वरून एका झटक्यात रेघ ओढलेली. भ च्या डोक्यावर डावीकडं रेघ तुटलेली असते. ती फट बुजली की घाईतला भ सरळ म वाचला जातो. ध चा घ होतो आणि थ चा य होतो, तो याच कारणानं. 'थांबा' लिहिलं तर वाचणारा 'यांबा' म्हणजे काय हे शोधत बसतो.

यावर उपाय साधा आहे, फक्त हाताच्या सवयीला पटायला वेळ लागतो. भ, ध, थ आले की रेघ ओढताना तिथं पेन उचलायचा. बाकी शब्दावर रेघ खुशाल एकदम ओढा. सुरुवातीला मी याच तीन अक्षरांनी भरलेली वाक्यं करून लिहायचो: 'धोंडिबाने भाकरी थापली, भीमाने धान्य भरले.' अर्थाकडं बघू नका. शब्दाच्या मधोमध आलेल्या ध वर पेन आपोआप उचलला जायला लागला की त्या अक्षराचं काम झालं.

ख चं दुखणं वेगळं आहे. त्यातला र आणि व खालून एकमेकांना टेकलेले पाहिजेत. नाही टेकले तर 'खाली'चं 'रवाली' होतं. ल आणि श यांची दोन-दोन वळणं चालतात, पण एका पानात दोन्ही आली की पान विस्कटलेलं दिसतं. एक निवडा आणि तेच ठेवा.

वेळ वाचवायला शिरोरेषाच न देणारे खूप आहेत. माझी हरकत नाही, पण मग दोन शब्दांतलं अंतर चांगलं ऐसपैस ठेवा, कारण शब्द कुठं संपला हे सांगायला रेघ उरत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्या चार ओळींना रेघ, पुढं निम्म्या शब्दांना, आणि शेवटी कुठंच नाही. तपासणाऱ्याला तिथंच दिसतं की हा माणूस आता थकला.

अक्षर सुधारायचं म्हणून कुणी जाडजूड पुस्तक सुचवलं तर घेऊ नका. आपल्याच जालना जिल्ह्यातल्या जांबच्या रामदासांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनावरच खर्च केलाय, तो वाचा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यात उपदेश कमी आणि कारागिरी जास्त. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. एका ओळीची वेलांटी-मात्रा दुसऱ्या ओळीला भिडू नये. भोवती कोरी जागा सोडावी. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत राहावं. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, हेही आहे. बोरूच्या काळातलं हे सगळं जेल पेनाला जसंच्या तसं लागू पडतं.

यातलं ओळ ओळीला न भिडण्याचं परीक्षेत फार महत्त्वाचं. इंग्रजीपेक्षा आपल्या लिपीला उभी जागा जास्त लागते: वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. मधलं अक्षर दोन रेघांमधली सगळी जागा खाऊन बसलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत गुंततात. म्हणून अक्षराचं अंग ओळीतल्या जागेच्या निम्मंच ठेवा. घरी सरावाला दुरेघी वही घ्यायला लाजू नका. दुकानदार 'लेकराला पाहिजे का' असं विचारेल, हो म्हणा.

दुसरी गोष्ट कान्याची. पान पूर्ण झालं की ते उलटं धरा, म्हणजे डोकं खाली. अक्षरं वाचता येत नाहीत, त्यामुळं नजर फक्त उभ्या रेघांवर जाते. काने काही सरळ, काही डावीकडं झुकलेले, काही उजवीकडं पडलेले दिसतील. पान गचाळ दिसतं ते निम्मं यामुळंच. थोडे तिरके असले तरी चालतील, पण सगळे एकाच बाजूला तिरके पाहिजेत. ग, त, प, म, ल, व ही सगळी कान्यावर उभी आहेत, त्यामुळं काना सुधारला की हा सगळा जथ्था न शिकवता सुधारतो.

पेन कोणता, हे लोक फार विचारतात. फार फरक पडत नाही. परीक्षेत जो वापरणार तोच सरावाला घ्या. मात्र दाब तपासा: पान पलटून मागच्या बाजूनं बोट फिरवा. अक्षरं बोटाला टोचत असतील तर तुम्ही पेन दाबताय, आणि तीन तासांच्या पेपरात दुसऱ्या तासालाच मनगट बोलायला लागेल. पेन टोकापासून जरा वर धरा, खाली दोन-चार कागदांची गादी ठेवा, आणि बोटांनी अक्षर कोरण्यापेक्षा कोपरापासून हात सरकू द्या. आपल्याकडचा एप्रिल-मे असेल तर तळव्याखाली एक कोरा कागद घ्याच. घामानं ओला झालेला कागद कुठलाच पेन धड चालू देत नाही.

आता खरी अडचण. बघून लिहिताना सगळ्यांचं अक्षर चांगलं येतं. स्वतःच्या मनानं उत्तर लिहायला बसलं की जुनं अक्षर परत येतं, कारण डोकं मुद्द्यात गुंतलेलं असतं. अनेकजण इथं येऊन सोडून देतात. या दोन्हींच्या मधे एक पायरी ठेवावी लागते. मी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकत त्यातलं जमेल तेवढं उतरवायचो. विचार दुसऱ्याचा, वेग दुसऱ्याचा, आपल्याकडं फक्त हात. ते जमलं की पाठ असलेल्या विषयावर उत्तर लिहा, आणि त्यानंतर नवीन प्रश्न घड्याळ लावून. रोज अर्धा तास पुरतो. एका रविवारी पाच तास बसून काही होत नाही, फक्त अंगठा दुखतो. दोन-तीन महिन्यांत दुसऱ्याला फरक दिसतो, स्वतःला त्याच्याही नंतर.

2025 पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली म्हणून सगळ्यांना अक्षर आठवलंय, ते बरंच झालं. पण मोत्यासारखं अक्षर काढायच्या मागं लागू नका. 2023 साली कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा जुनी कोतवाल बुकं, खासरा पत्रकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या आणि जमिनीच्या नोंदी) बाहेर आली, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. मला मोडी येत नाही, पण वाचणाऱ्यांच्या शेजारी बसून एवढं दिसायचं की नक्षीदार पानावर ते अडकायचे आणि ओबडधोबड पण मोकळ्या लिहिलेल्या पानावरून सरसर पुढं जायचे. तुमचा पेपर तपासणाराही तसाच गठ्ठा घेऊन बसलेला असतो.

हस्ताक्षराच्या क्लासला पैसे घालावेत का, असंही तुम्ही विचारलंय. जिथं सगळ्यांना एकच छापील कित्ता देतात तिथं नका घालू. तुमचंच पान समोर घेऊन चुका दाखवणारा कुणी भेटला तर जरूर जा. एखाद्या जिल्हा परिषद शाळेतले जुने गुरुजी हे चहावर करून देतील.

आणि हे सगळं करताना सही मात्र आहे तशीच ठेवा. अक्षर सुधारलं म्हणून सहीलाही वळण दिलं, तर बँकेत चेक परत येईल.